राजवाड्यात राहायला आलेली माणसं

स्प्लिटला जाऊन डायोक्लेशियनचा राजवाडा बघायचा असं ठरवून आपण जातो आणि पोचल्यावर राजवाडा नेमका कुठून सुरू होतो तेच कळत नाही. तिकीटघर नाही, कुंपण नाही, इकडून आत या म्हणणारं कोणी नाही. क्रोएशियाच्या किनाऱ्यावरचं हे शहर, समोर एड्रियाटिक, म्हणजे भूमध्य समुद्राचाच उत्तरेकडे आत घुसलेला भाग, बंदरात बोटी, काठाने रीवा नावाचा पामच्या झाडांचा रुंद रस्ता, त्यावर ओळीने कॅफे, आणि कॅफेंच्या मागे एक लांबलचक भिंत. भिंतीत खाली दुकानं, दुकानांच्या वर हिरव्या झडपांच्या खिडक्या, खिडक्यांत कुंड्या, दोरीवर वाळणारे टॉवेल आणि कुणाचे तरी मोजे. तर ती भिंत म्हणजेच राजवाडा. दोन खिडक्यांच्या मधे नीट बघितलं की भिंतीत रुतलेले अर्धे खांब दिसतात, कमानींचे वरचे गोल दिसतात, आणि त्या कमानी सतराशे वर्षांपूर्वीच्या आहेत. मी तिथे कॉफी प्यायची सोडून कितीतरी वेळ नुसती वर बघत बसले होते.

आम्ही चालत बघायची टूर घेतली होती, सकाळची, मे महिन्याची सुरुवात, ऊन अजून सुसह्य होतं. गाईड तिशीतली मुलगी, याच शहरात वाढलेली, आणि तिची आजी या भिंतींच्या आत राहायची, मावशी अजून राहते, हे तिनं नाव सांगितल्या सांगितल्या सांगून टाकलं. पुढे सगळ्या टूरभर मला जाणवत राहिलं की तिला सांगायचं होतं ते हेच, सम्राट आणि सालं वगैरे त्याच्या निमित्तानं येत होती.

सम्राट मात्र सांगायलाच हवा. डायोक्लेशियन इथलाच, जवळच्या सालोना शहराच्या आसपासचा, साध्या घरातला, सैन्यात एकेक पायरी चढत इ.स. २८४ मध्ये रोमचा सम्राट झाला. त्याच्या आधीची पन्नास वर्षं म्हणजे सम्राट आला की मारला, दुसरा आला की तोही मारला अशी गेलेली. यानं राज्य चौघांत वाटून दिलं, कारभाराची घडी बसवली, ३०१ मध्ये वस्तूंच्या कमाल किमती ठरवणारं फर्मानसुद्धा काढलं (ते काही फार चाललं नाही), आणि ३०५ साली आजारपणातून उठल्यावर स्वतःहून सत्ता सोडून आपल्या मुलखात येऊन राहिला. आपल्या मर्जीने पायउतार झालेला हा पहिला रोमन सम्राट. पुढे राज्यात भांडणं लागली तेव्हा त्याला परत या म्हणून गळ घातली गेली, तर त्यानं उत्तर दिलं म्हणे की मी स्वतःच्या हातांनी लावलेला कोबी बघितलात तर असलं काही मागणार नाही. ही गोष्ट जुन्या लॅटिन लेखनातच आलेली आहे आणि स्प्लिटमध्ये लहान पोरालाही माहीत असते. पण याच माणसानं ३०३ पासून ख्रिस्ती लोकांचा जो छळ मांडला, चर्च पाडली, धर्मग्रंथ जाळले, माणसं मारली, तोही तितकाच खरा आहे, आणि स्प्लिटची गोष्ट त्या छळाशिवाय कळत नाही.

राजवाडा म्हणजे साधारण २१५ मीटर लांब, १८० मीटर रुंद, अर्धा महाल आणि अर्धी लष्करी छावणी. चार बाजूंना चार दरवाजे, सोन्याचा, चांदीचा, लोखंडाचा आणि पितळेचा अशी त्यांची नावं, आत एकमेकांना छेदणारे दोन रस्ते, समुद्राच्या बाजूला सम्राटाची दालनं आणि उत्तरेला सैनिक आणि नोकरचाकर. पांढरा दगड समोरच्या ब्राच बेटाचा. ग्रॅनाइटचे खांब आणि स्फिंक्स, म्हणजे सिंहाचं अंग आणि माणसाचं डोकं अशा मूर्ती, थेट इजिप्तहून आणलेले. पाणी जाद्रो नदीच्या उगमापासून कित्येक किलोमीटर लांबीच्या दगडी कालव्यातून यायचं, आणि आजही स्प्लिटच्या नळाला पाणी त्याच उगमाचं येतं. गाईडनं हे सांगता सांगता तिथल्याच एका नळावर बाटली भरून घेतली.

मग सातव्या शतकात आवार आणि स्लाव टोळ्यांनी सालोना उद्ध्वस्त केलं. लोक बेटांवर पळाले, आणि नंतर त्यातले बरेच जण या बऱ्यापैकी ओस पडलेल्या वाड्यात शिरले, कारण भिंती जाड होत्या आणि दरवाजे बंद करता येत होते. तेराव्या शतकात थॉमस नावाच्या स्प्लिटच्याच एका आर्चडीकननं, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या धर्माधिकाऱ्यानं, शहराचा इतिहास लिहून ठेवलाय, त्यात तो सांगतो की ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी आत घरं बांधली, ज्यांच्याकडे कमी होता ते भिंतीच्या बुरुजांत राहिले आणि उरलेले तळघरांत. हे वाचल्यापासून, म्हणजे टूरवर ऐकल्यापासून, ते उरलेले लोक माझ्या डोक्यातून जात नाहीयेत. शहर जळालेलं, घर गेलेलं, मुलंबाळं घेऊन आलेली माणसं, सम्राटाच्या तळघरात चूल मांडतायत. आणि तिथून पुढे आजपर्यंत या वाड्यातली वस्ती मोडलेली नाही. एकदाही नाही.

आत शिरलो ते पितळेच्या दरवाज्यातून. एकेकाळी समुद्र थेट इथपर्यंत होता, नाव दाराला लागायची, समोरचा रीवा रस्ता नंतरचा. दार साधंसं आहे, वाकून जावं असं वाटण्याइतकं साधं, आणि त्यातून पायऱ्या उतरून आपण तळघरात येतो. आणि इथे मला या सगळ्या शहराची किल्ली सापडली असं वाटतं, म्हणून जरा थांबून सांगते.

तळघरं बांधली ती वरची दालनं समुद्रसपाटीपासून उंचीवर एका पातळीत यावीत म्हणून. त्यामुळे वर जशा खोल्या तशाच बरोबर खाली खोल्या, तेवढ्याच आकाराच्या, त्याच क्रमाने. वरचा महाल शतकानुशतकं लोकांनी फोडला, जोडला, बदलला, दगड काढून घरं बांधली, आणि आता वर सम्राटाचं निजायचं दालन कुठे आणि जेवायचं कुठे हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येणं अवघड. पण खाली सगळं तसंच आहे. का, तर लोकांनी वरच्या घरांच्या जमिनीला भोकं पाडून आपला सगळा कचरा, सांडपाणी, घाण, मोडकी मडकी खाली टाकली. शतकानुशतकं टाकली. तळघरं छतापर्यंत भरली आणि भरली म्हणून कोणी त्यांना हात लावू शकलं नाही, म्हणून ती पडली नाहीत. १९५० च्या दशकापासून ती टप्प्याटप्प्यानं उपसायला घेतली, मारासोविच बंधूंसारख्या वास्तुतज्ञांनी हयात या कामात घातली, आणि कचरा बाहेर निघाला तसा वरच्या हरवलेल्या महालाचा आख्खा नकाशा हाताला लागला.

एका खोलीत अजून न उपसलेला ढीग तसाच ठेवलाय. दगडासारखा घट्ट झालेला, वर छताच्या गोल भोकाखाली निमुळता होत गेलेला, त्यात हाडांचे, खापरांचे तुकडे दिसतात. बाकी लोक पुढे गेले, मी तिथेच उभी. ते भोक कोणाच्या तरी स्वयंपाकघरातलं असणार. कोणीतरी रोज जेवणं झाल्यावर उष्टंखरकटं त्यातून खाली ढकलत असणार, वर्षानुवर्षं, आणि तिच्या पोरीनं, नातीनं तेच केलं असणार. त्यांना राजवाडा जपायचा नव्हता, त्यांना ओटा साफ करायचा होता. आणि त्यांनीच तो जपला.

तळघरातून पायऱ्या चढून वर आलो की एकदम पेरिस्टाइल, म्हणजे खांबांनी वेढलेला मधला चौक. अंधारातून आल्यामुळे असेल पण त्या पांढऱ्या दगडाचा उजेड डोळ्यांवर येतो. इथे सम्राट लोकांना दर्शन द्यायचा, लोक गुडघे टेकायचे. आता पायऱ्यांवर गाद्या टाकलेल्या असतात आणि त्यावर लोक कॉफी घेऊन बसतात. पश्चिमेच्या बाजूला रोमन खांबांच्या मधल्या जागा विटा-दगडांनी भरून त्याचीच घरांची दर्शनी भिंत केलीय, व्हेनिसच्या राजवटीतल्या काळातल्या खिडक्या त्यात बसवल्यायत (१४२० ते १७९७ हे शहर व्हेनिसकडे होतं), म्हणजे एकाच भिंतीत तिसऱ्या-चौथ्या शतकाचा खांब, पंधराव्या-सोळाव्या शतकाची खिडकी आणि कालपरवा बसवलेला एसी. त्या चौकात एक काळ्या ग्रॅनाइटचा स्फिंक्स बसलाय, इजिप्तच्या तिसऱ्या थुटमोस राजाच्या काळातला, म्हणजे राजवाडा बांधला तेव्हाच तो साधारण साडेसतराशे वर्षं जुना झालेला होता. अशा बऱ्याच मूर्ती आणल्या होत्या, पण डोक्यासकट अख्खा उरलेला हाच.

आणि चौकाच्या पूर्वेला ती अष्टकोनी इमारत. डायोक्लेशियननं स्वतःसाठी बांधलेली कबर. मी आधी वाचून गेले होते तरी आत उभं राहिल्यावर अंगावर काटा आला. सालोनाचा बिशप दोम्निउस, इथले लोक त्याला स्वेती दुये म्हणतात, त्याला ३०४ मध्ये याच सम्राटाच्या फर्मानांखाली मारलं गेलं. पुढे त्याच्याच शहरातून पळून आलेल्या लोकांनी सम्राटाच्या कबरीचं चर्च केलं, सम्राटाचं शव आणि शवपेटी नाहीशी झाली, आणि त्या जागी ज्यांना त्यानं मारलं त्या संतांचे अवशेष आणून ठेवले. जगातल्या सगळ्यात जुन्या इमारतींपैकी एका इमारतीत चालणारं कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, आणि ते छळ करणाऱ्याच्या थडग्यात. वरच्या पट्टीत, घुमटाच्या खाली, कोरलेल्या गोलात दोन चेहरे आहेत, ते डायोक्लेशियन आणि त्याची बायको प्रिस्का यांचे असं मानतात. म्हणजे तो अजून वरून बघतोय. लोकांनी ते चेहरे फोडले नाहीत याचं मला फार आश्चर्य वाटलं, आणि बरंही वाटलं.

एका बाजूच्या वेदीवर युराय दालमाटिनाक नावाच्या शिल्पकारानं पंधराव्या शतकात येशूला फटके मारण्याचा प्रसंग कोरलाय, त्यातल्या माणसांच्या दंडांचे स्नायू बघून हात पुढे जातो. पण मी जास्त वेळ घालवला तो मुख्य दाराशी. आंद्रिया बुविना नावाच्या कारागिरानं १२१४ मध्ये केलेले लाकडी दरवाजे, येशूच्या आयुष्यातले २८ प्रसंग, प्रत्येक चौकटीभोवती वेलबुट्टी. आठशे वर्षांचं लाकूड. त्यात एक शेवटच्या भोजनाचा प्रसंग आहे, टेबलावर मासा ठेवलाय, नि मासा अगदी मासा आहे, म्हणजे रोज बाजारात मासे बघणाऱ्या माणसानं कोरलेला वाटतो.

स्कॉटिश वास्तुविशारद रॉबर्ट अॅडम १७५७ मध्ये इथे आला, चित्रकार घेऊन, काही आठवडे राहून मोजमापं घेतली आणि १७६४ मध्ये मोठं पुस्तक छापलं, त्यावरून इंग्लंडात घरं बांधायची नवी पद्धतच पडली. त्यातले काही नकाशे आणि चित्रं म्हणजे राजवाडा मूळचा कसा असेल त्याची. सुंदर आहेत, फार सुंदर, पण त्यात लोकांची घरं नाहीत. दोरीवरचे टॉवेल नाहीत. गाईडनं त्याचं एक चित्र फोनवर दाखवलं आणि म्हणाली, "हे बघताना मला नेहमी वाटतं की यात माझी आजी कुठे आहे?"

हा प्रश्न पुढेही येतच राहिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे ऑस्ट्रियाचं राज्य असताना, जोरदार वाद झाला की कॅथेड्रलच्या भोवतीची नंतरची सगळी बांधकामं पाडून रोमन इमारत मोकळी करावी का. अनेकांना वाटत होतं की करावी, रोमन तेवढं खरं, बाकी सगळं उपटसुंभ. व्हिएन्नाच्या आलोइस रीगलसारख्या अभ्यासकांनी उलट बाजू घेतली, की हे सगळे थर मिळूनच ही जागा आहे. तरी काही इमारती गेल्याच, जुना बिशप निवास १९२० च्या दशकात पाडला. मी स्वतः या वादात पूर्णपणे रीगलच्या बाजूची आहे, आणि स्प्लिट बघून आल्यापासून तर आणखीच. एखादा काळ निवडून तेवढाच शुद्ध म्हणायचा आणि बाकीच्यांना उपरे ठरवायचं, ही सवय इमारतींपुरती कधीच राहत नाही.

पुढची टूर जरा भराभर झाली. ज्युपिटर या रोमन देवाचं देऊळ, त्याचं झालेलं बाप्तिस्मागृह, छताचे नक्षीदार चौकोन इतके शाबूत की कालचे वाटतात, आणि दारात डोकं उडवलेला स्फिंक्स. सोन्याच्या दरवाज्याबाहेर निन गावच्या ग्रेगरी बिशपचा इवान मेश्त्रोविचनं केलेला प्रचंड पुतळा, १९२९ मध्ये तो आधी पेरिस्टाइलमध्येच उभा केला होता, १९४१ मध्ये इटालियन फौजांनी काढला, १९५४ मध्ये या जागी आला, त्याच्या पायाचा अंगठा चोळला की नशीब उघडतं म्हणतात त्यामुळे अंगठा पिवळाधमक झालाय आणि पुढे रांग असते. आम्ही रांगेत उभे राहिलो नाही. त्यापेक्षा त्याच दरवाज्याच्या वर, रोमन पहारेकऱ्यांच्या ये-जा करायच्या अरुंद बोळात, सेंट मार्टिनचं एक चिमुकलं चर्च आहे ते बघाच. दोन माणसं शेजारी उभी राहिली की भरलं. सैनिकांची पहाऱ्याची जागा, तिथे कोणीतरी प्रार्थनेला बसलं आणि मग ती तशीच राहिली.

टूर संपल्यावर मी गाईडला सारखं राहण्याबद्दलच विचारत होते, पाणी कसं येतं, सिलिंडर कसा आणता, पावसात काय होतं, तर शेवटी ती म्हणाली चला मावशीकडेच. चांदीच्या दरवाज्याजवळच्या एका गल्लीत, जिथे दोन्ही बाजूंच्या भिंतींना एकाच वेळी हात लागतात, एक दार, आत उभा जिना, दगडाच्या पायऱ्या मधे झिजून खोलगट झालेल्या. मावशी सत्तरीच्या. इंग्रजी जेमतेम, गाईड मधे सांगत होती. स्वयंपाकघर लहान, एक भिंत प्लास्टर केलेली आणि दुसरी तशीच उघडी, हातभर लांबीचे रोमन दगड, मधे चुना नाही, नुसते एकावर एक बसवलेले, आणि त्यातून निघणारा अर्धवट कमानीचा तुकडा. त्या कमानीच्या पोकळीत फळी मारून त्यावर मीठ, तमालपत्र, ऑलिव्ह तेलाची बरणी, औषधांच्या गोळ्या आणि नातवाचा फोटो. मी दगडाला हात लावला तर थंडगार. मावशी म्हणाल्या उन्हाळ्यात लोणी या भिंतीशी ठेवायचो, फ्रिज येण्याआधी.

त्यांनी कॉफी केली, तळून साखर पेरलेल्या क्रोश्तुले समोर ठेवल्या, आणि मग त्या बोलायला लागल्या ते थांबेचनात. या गल्लीत पूर्वी सगळी घरं भरलेली होती, पोरं दंगा करायची, खिडकीतून खिडकीत भाजी द्यायची. आता बहुतेक घरं पर्यटकांना भाड्यानं दिलेली, दारांवर नंबर दाबून उघडायच्या चाव्यांच्या पेट्या आहेत, आम्हीही येताना बघितल्या होत्या. रोज वेगळी माणसं, रोज बॅगांच्या चाकांचा आवाज, रात्री दोनला गाणी. पण त्यांना आवाजाचा तेवढा राग नव्हता. राग होता तो नोव्हेंबरचा. नोव्हेंबर ते मार्च गल्लीत दिवा नसतो, जिन्यात पाय घसरून पडलं तर हाक मारायला कोणी नाही. वाण्याचं दुकान गेलं तिथे आइस्क्रीम आलं, चांभार गेला तिथे फ्रिजला लावायचे मॅग्नेट आले. शेजारणीनं घर विकलं तिला दोष देत नाही म्हणाल्या, एवढे पैसे कोणी देत असेल तर काय करणार, मुलाचं नवं घर झालं त्यातून.

मी हे ऐकताना आपल्याकडचं आठवत होते. पन्हाळा हा किल्ला आहे आणि गावही आहे, नगरपरिषद आहे, शाळा आहेत, लोकांच्या पिढ्या तिथे गेल्यात. सिंधुदुर्गावर अजून काही कुटुंबं राहतात. २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात हे दोन्ही आहेत, आनंदच झाला सगळ्यांना, मलाही झाला, पण पन्हाळ्यावरच्या लोकांच्या मनात आपलं काय होणार ही धाकधूक होती आणि ती मला रास्त वाटते. स्प्लिट त्या यादीत १९७९ पासून आहे. तिथे कोणी कोणाला उठवलं नाही. तरी वस्ती विरळ होत चाललीय, फक्त भाड्याच्या हिशोबानं. आणि याच्या उलट टोकाला आपला जंजिरा, तिथेही तटाच्या आत वस्ती होती, लोक उठून गेले आणि आता घरांच्या भिंतींतून झाडं आलीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर बाजारात गेलो. भिंतीच्या पूर्वेला पाझार, म्हणजे भाजीबाजार, आजूबाजूच्या गावांतल्या बायका पालेभाज्या, चीज, वाळवलेले अंजीर घेऊन बसतात. पश्चिमेला मासळीबाजार, १८९० च्या सुमाराची इमारत, शेजारीच गंधकाच्या पाण्याचे झरे आहेत, त्या वासानं म्हणे माश्या येत नाहीत, आणि खरंच एक माशी दिसली नाही. वास मात्र असा की पहिल्यांदा जाणाऱ्यानं नाकाला रुमालच लावावा. पण तिथे मला फार बरं वाटलं. तिथली गर्दी जेवायला काय करायचं या विचारानं आलेली होती. एक आजी सार्डिन एकेक उचलून कल्ले उघडून बघत होत्या आणि विकणारा न कंटाळता उभा होता.

मग बसनं सालोनाला, आताचं सोलिन, शहरापासून पाचेक किलोमीटर. हे मुद्दाम सांगते कारण स्प्लिटला जाणारे बरेच जण तिथे जात नाहीत. एकेकाळी हे रोमन डाल्मेशियाचं राजधानीचं शहर, स्प्लिट तेव्हा नव्हतंच. आता तिथे द्राक्षमळे, ऑलिव्हची झाडं, आणि मधे मधे दगडी पाये. स्नानगृह, वेशीचा दरवाजा, चर्चांचे नुसते आकार. फ्राने बुलिच नावाच्या धर्मगुरू-संशोधकानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून आयुष्यभर इथे उत्खनन केलं, त्याचं तुस्कुलुम नावाचं घर आहे, त्याच्या बागेत सापडलेल्या खांबांचे तुकडे मांडलेत. टोकाला अँफिथिएटर, म्हणजे झुंजी बघायचं गोल रिंगण, जिथे छळाच्या काळात ख्रिस्ती लोकांना मारलं. त्याचा वरचा भाग सतराव्या शतकात व्हेनिसवाल्यांनीच पाडला, तुर्क फौजांना आडोसा मिळू नये म्हणून. सगळं नीट राखलेलं आहे, पाट्या आहेत, पण तिथे उभं राहून कल्पनेनं घरं उभी करावी लागतात. माणसं गेली ती परत आली नाहीत, आणि दगड लोक वाहून घेऊन गेले. तिथे मावशींची कमानीतली मिठाची बरणी मला सारखी दिसत होती. सालोनाची माणसं सालोनात नाहीत, ती चौदाशे वर्षांपूर्वी वाड्यात राहायला गेली आणि अजून तिथे आहेत, निदान थोडी तरी.

आम्ही नेमके सात मेला स्प्लिटमध्ये होतो, मुद्दामच, कारण तो स्वेती दुयेचा दिवस, शहराचा सण, सुदाम्या. सकाळपासून स्प्लिटचे लोक, उपनगरांतल्या दहा-बारा मजली इमारतींमधून, आसपासच्या गावांतून, म्हाताऱ्यांना हाताला धरून, पोरांना खांद्यावर घेऊन जुन्या शहरात येत होते, आणि पहिल्यांदाच त्या गल्ल्यांत टूरिस्ट कमी आणि इथली माणसं जास्त असं झालं. कॅथेड्रलमधून मिरवणूक निघाली, सम्राटानं ज्याला मारलं त्या बिशपचे अवशेष सम्राटाच्या कबरीतून बाहेर काढून, पेरिस्टाइलमधून, म्हणजे जिथे लोक त्याच्यापुढे गुडघे टेकायचे तिथून, समुद्राकडे रीवावर न्यायचे. घंटा अशा वाजत होत्या की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. माझ्या शेजारी एक तरुण बाप मुलीला भिंतीतली एक खिडकी दाखवत होता, तिसरी, हिरवी, ती तुझ्या पणजीची, असं, आणि मुलगी बरोबर ती कुठली हे परत परत विचारत होती. हे गाईडनं मला सांगितलं, ती मावशींना घेऊन आली होती.

या दिवशी लाकडी भांडीकुंडी विकायची जुनी पद्धत आहे, स्टॉल लागतात, डाव, पळ्या, पाट, पिंप, टोपल्या. मिरवणूक गेल्यावर मावशी थेट तिकडे निघाल्या. घरात डाव नसेल असं नाही, तो आमच्यासमोर ओट्यावर टांगलेला होता, पण सुदाम्याला नवा घ्यायचाच. त्यांनी एक उचलला, उन्हात धरून त्याच्या रेषा बघितल्या, वास घेतला, परत ठेवला, दुसरा उचलला. विकणाऱ्या बाईनं किंमत सांगितली ती मावशींना पटली नाही, आणि दोघी मागे रांग लागली तरी हटायला तयार नव्हत्या, बाईचं म्हणणं लाकूड ऑलिव्हचं आहे, मावशींचं म्हणणं गेल्या वर्षीही ऑलिव्हचंच होतं.